तळघर आणि पाण्याची पट्टी

आमच्या केबलच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठायच्या, अडकलेल्या कॅसेटी आणि किस्से. पाणी काही साठायचं नाही! दुष्काळाची वर्षं होती, अन् शहर मात्र वेशीवरच्या पडेगावच्याही पुढं पळत सुटलेलं. नळ यायचा तो आठवड्यातून एखाद-दोनदा, तोही मध्यरात्रीनंतर.

उस्मानपुऱ्यातल्या गच्चीवरच्या खोलीतून मी आणि ऑपरेटर रफिक रोज रात्री उशिरा 'तळघर' नावाचा कार्यक्रम लावायचो. गावातल्या पोरांचे रॉक बँड, परदेशी व्हिडिओ, दुसरीकडं कुणी दाखवणार नाही ते सगळं. पडद्यावर खाली पट्टी फिरायची, आज कोणत्या गल्लीत किती वाजता पाणी. नळाचं पाणी सोडणारा, व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस रफिकचा मेहुणा, त्यामुळं आमची बातमी पक्की!

*

एकदा इंजिनिअरिंगच्या पोरांनी पैठणला जाऊन धरणाच्या कोरड्या पात्रात व्हिडिओ केला. गायक असा बोंबलला, की शेळ्या राखणारे एक आजोबा धावत आले.

"काय चावलं रं पोराला?"

"काही नाही आजोबा, गाणं म्हणतोय."

"आसं व्हय! मंग उरका लवकर, शेळ्या पळाल्या माझ्या!"

आजोबांसकट तो व्हिडिओ आम्ही तसाच लावला.

*

दुसऱ्या एका बँडला आम्ही लाइव्ह बोलावलं. ड्रमसेट जिन्यातून वर येईना, म्हणून ड्रम वाजवणाऱ्या पोरानं गच्चीवरची रिकामी पिंपं पालथी घालून बडवायला घेतली. गाणं रंगात आलं आणि बिल्डिंगला पाणी आलं! घरमालकीण कॅमेऱ्यासमोरून एकेक पिंप उचलून घेऊन गेली. शेवटी पोरगा नुसता टेबलावर टिचक्या मारत बसला.

लगेच एका प्रेक्षकाचा फोन. "गाणं हळूहळू शांत होत जातं ना, ते लई खोल होतं बरं का!"

*

पण आमचे मालक भाऊ वैतागले होते. जमीन विकून त्यांनी डिश बसवलेली. एक दिवस म्हणाले, "हे बोंबलणं कोण बघतंय? आजपासून रात्री भजनं लावा. पट्टी राहू द्या खाली."

झालं, तळघर बंद! या शहरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं.

"छोडो यार," रफिक म्हणाला, "लोगां दो दिन में भूल जाते."

दोन दिवस कसले, दुसऱ्याच सकाळी शेजारच्या कुलकर्णीकाकू रिकामी कळशी घेऊन ऑफिसच्या दारात! मागं गल्लीतल्या सगळ्या बायका.

"रात्री पाणी आलं अन् गेलं! आख्खी गल्ली झोपेत!"

भाऊंनी हात जोडले. "काकू, पण पट्टी तर चालू होती की!"

"पट्टी वाचायला जागं राहावं लागतं, भाऊ! तुमची भजनं लागली अन् आमचा डोळा लागला."

काकू माझ्याकडं वळल्या.

"अन् तू रे, ते धरणातलं पोरगं नेमकं पाणी सुटायच्या वेळेला लावत जा. त्याच्या बोंबेनं आमचे हेसुद्धा उठतात!"