बिनगुंड्यांची बंडी

टिकारामच्या बंडीला गुंड्या नव्हत्या. समोर दोन नाड्या, त्याही आत खोचलेल्या. मनगटाला काळा दोरा नाही, बोटात काही नाही. रामपायलीच्या तलावावर चाळीस वर्षं जाळं फेकणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर जाळ्याला धरता येईल असं काहीच नसायचं.

अंकित पहिल्यांदा जाळं शिकायला गेला, तेव्हा टिकारामने आधी त्याच्या शर्टाकडे पाहिलं.

"मास्तर, लग्नाले आला का?"

"काहून, काकाजी?"

"गुंड्या किती लावल्या! काढ तो शर्ट."

जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात. एक धागा गुंडीत अडकला, की सगळा भार माणसाला ओढून नेतो. टिकारामचा मोठा भाऊ तसाच बुडाला होता. "जाळ्याले मासोळी अन मानूस सारखाच," टिकाराम म्हणाला आणि अंकितचा शर्ट बाभळीवर टांगला.

अंकित नागपूरहून मराठीत एम.ए. करून परतला होता. नोकरी नव्हती. रोज सकाळी तलावावर जायचा. जाळं काही त्याला जमलं नाही. त्याचं गोळा होऊन पडायचं. टिकारामचं हवेत उघडायचं आणि पाण्यावर गोल उतरायचं, जमिनीवर ताट ठेवावं तसं. बायको गेल्यापासून टिकारामला दुसरं काही नको होतं. "हे उघडते तवरक मी हाव," तो म्हणायचा.

पावसाळा सरला आणि त्याच्या छातीत दुखलं. मुलगी दीपिका पुण्याहून धावत आली. आठ दिवस राहिली, आणि जाताना त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीत एक काळी, गुळगुळीत अंगठी घालून गेली. स्मार्ट रिंग. ती नाडी मोजायची, आणि मोजलेलं फोनमधून दीपिकापर्यंत जायचं. टिकाराम तलावावर निघताना ती काढून डब्यात ठेवायचा.

पंधरा दिवसांत दीपिकाचा फोन आला. अंकित शेजारीच होता, फोन स्पीकरवर होता.

"बाबा, रोज सकाळचे दोन घंटे रिकामे काहून दिसते?"

"पान्यात जातो ना बेटा."

"पान्यानं तिले काही होत नाही. पान्यातच तुमाले काही झालं तं? अंकित, तू सांग ना त्याइले."

अंकितने अंगठीच्या खोक्यातलं माहितीपत्रक उघडलं. पहिल्याच पानावर होतं, शंभर मीटर खोल पाण्यातही चालते. त्याने पत्रक मिटलं.

"काकाजी, काढाची गरज नाही."

टिकाराम अंगठी फिरवत राहिला. "अन जाळं?"

"गुळगुळीत हाय ना. अडकाले काही हायच नाही तिले."

"तू शिकेल मानूस. तू म्हनतं तं ठीक."

त्यानंतर अंकित त्याला बारीकसारीक सांगायचा. बाहेर आल्यावर बोट पुसा. अंगठीखाली साबण राहू देऊ नका. कढत पाण्यात हात घालू नका. टिकाराम सगळं मुकाट्याने करायचा. काठावर बसून फडक्याच्या टोकाने अंगठीखालचं पाणी टिपायचा, तेव्हा अंकितला आपल्या शिक्षणाचं काही चीज झालं असं वाटायचं.

थंडी पडली. दुपारी बोटात घट्ट बसणारी अंगठी सकाळच्या गार पाण्यात सैल होऊ लागली.

"ढिली होते रे."

"पडनार नाही, काकाजी. मी पाहून राह्यलो ना."

दोघांनाही काळजी अंगठीचीच होती.

त्या सकाळी टिकाराम कमरेइतक्या पाण्यात उभा होता. जाळं हातातून सुटलं, पण गोल झालं नाही. एका बाजूने ताणलं गेलं आणि टिकाराम त्याच्यामागून तोंडावर पाण्यात पडला. सैल अंगठीखाली एक धागा शिरला होता.

अंकितने त्याला उभं केलं. तो ओरडत नव्हता. उजवा हात पाण्याखालीच धरून होता.

"पाहू नको," एवढंच म्हणाला.

बालाघाटच्या दवाखान्यात तर्जनी मुळापासून काढावी लागली. अंगठी जाळ्यात सापडली. तिच्यावर ओरखडाही नव्हता.

दुपारी अंकितने पत्रकाचं तिसरं पान वाचलं. वजन उचलताना, दोरीचं काम करताना अंगठी काढून ठेवा. एवढंच होतं. दोन ओळी. कॉलेजात त्याने कधी तळटीपसुद्धा सोडली नव्हती. आणि हे तर त्याला टिकारामने पहिल्याच दिवशी, शर्ट बाभळीवर टांगताना सांगितलं होतं.

"दीपिकाले सांग, पंपाच्या मोटरीच्या पट्ट्यात बोट गेलं," टिकाराम खाटेवरून म्हणाला. "अंगठी तिनं देली. जनमभर मनात धरून बसन पोरगी."

"घालून जा म्हनून मी सांगतलं, काकाजी."

"मंग तूही धरून बसशीन. त्यापरीस पट्टाच बरा."

दुसऱ्या दिवशी दीपिका आली. तिच्या हातात फोन होता.

"काल सकाळी सात वाजून बारा मिनिटानंतर काहीच दिसत नाही. अंगठी काढली होती ना, बाबा?"

"हौ."

"किती खेपा सांगतलं तुमाले! काही झालं असतं तं मले कसं समजलं असतं?" ती रडत बोलत होती. टिकारामने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"अंकित, तू होता ना तिथं?"

अंकितने टिकारामच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"हौ. काढली होती."

होळीच्या आसपास टिकारामने पुन्हा जाळं उचलून पाहिलं. ते गोळा होऊन पडलं, अंकितचं पडायचं तसं. दुसऱ्यांदा त्याने फेकलं नाही. जाळं तलावावरच्याच एका पोराला, वसंताला, देऊन टाकलं.

आता तो सकाळी तलावावर येतो आणि बाभळीखाली बसतो. अंगठी डाव्या हातात असते. परवा अंकित शेजारी होता, तेव्हा दीपिकाचा फोन आला.

"बाबा, आता एकही घंटा रिकामा दिसत नाही. असीच घालून राहत जा."

"हौ बेटा. आता कायले काढतो."

समोर वसंता जाळं फेकत होता. टिकाराम पाहत होता. त्याच्या अंगात दीपिकाने आणलेला नवा शर्ट होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. चार बोटांनी त्याला त्या लावता येत नाहीत. सकाळी अंकितने लावून दिल्या होत्या.