बापू पंखाबंद

बापू आमच्या घरात आले की चपला काढायच्या आधी पंखा बंद करायचे. भाद्रपदाचा उकाडा असो, घरात पाहुणे असोत, हात आधी बटणावर. कुणी कुरकुर केली तर अंगावर यायचे. "रंग सुकलो तर काय तुझो बापूस येऊन ओलो करतलो?" माझे वडील शेजारीच पेपर वाचत बसलेले असायचे. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत बापूंना सगळे पाठीमागे 'पंखाबंद' म्हणत.

बापू मूळचे मालवणकडचे. गिरणीच्या रंगखात्यात त्यांचा जन्म गेला. संप झाला, गिरणी उघडलीच नाही, आणि परळची खोली सोडून ते आमच्या वरच्या मजल्यावर बहिणीकडे राहायला आले. बहिणीच्या घरात पोरांचा धुडगूस, म्हणून ते रंगवायला आमच्या टेबलाशी बसत. भाच्याने दुबईहून आणलेल्या अॅक्रिलिकच्या ट्यूबा, दोन ब्रश आणि बोटाएवढी प्लास्टरची माणसं. ती माणसंही ते स्वतःच घडवत.

अॅक्रिलिक बघता बघता सुकतं. सुकलं की दोन रंगांच्या मध्ये रेघ राहते. त्या रेघेला बापू 'शिवण' म्हणत आणि शिवण दिसली की त्यांचं डोकं फिरे. गालाचा उजेड आणि हनुवटीखालची सावली शेजारी शेजारी लावायची, आणि दोन्ही ओली आहेत तोवर नुसत्या पाण्याने दमट केलेला दुसरा ब्रश त्या सांध्यावरून अलगद फिरवायचा. मग वर पाण्यासारखा पातळ हात, तो सुकला की आणखी एक. माझी बायको सुधा एकदा म्हणाली, "बापू, एवढ्याशा तोंडाला एवढी मेहनत? दुरून कोणाला दिसणार आहे?" बापू तडकलेच. "माणसाच्या तोंडार रेघ असता काय गो? तुझ्या तोंडार आसा?" सुधा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण चहा वेळेवर ठेवत होती.

एका वर्षी गणपतीचा देखावा करायचं बापूंनी अंगावर घेतलं. "गिरणीचो देखावो करतंय," एवढंच त्यांनी मंडळाला सांगितलं. अध्यक्षांना वाटलं, चाकं फिरतील, दिवे लागतील. बापूंनी केलं ते गिरणीचं बंद फाटक आणि त्यासमोर ताटकळलेले कामगार. एकाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. सगळ्यांची तोंडं बघणाऱ्यांकडे. एकटाच फाटकाकडे तोंड करून उभा, आपल्याला त्याची पाठ दिसायची. मी विचारलं, "हा कोण?" बापू म्हणाले, "मी. माका अजून आत जावचा आसा." मग एकदम ओरडले, "बघतंस काय? पंखो कोणी लावलो?" पंखा बंदच होता.

ही माणसं लोकांनी बघावीत, एवढंच त्यांना हवं होतं. हार नको, मानधन नको, माइकवर नाव नको.

प्रतिष्ठापनेच्या आदल्या दुपारी बापू जेवायला घरी गेले आणि अध्यक्ष मांडवात आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि रंगातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. "काय यार, सणासुदीला हे मेल्यासारखे चेहरे? देणगीदार काय म्हणतील? जरा फ्रेश करून टाका ना!" दुकानातून गुलाबी ऑइलपेंटचा डबा आला. त्यांच्या दोन चमच्यांनी हात पोचेल तेवढ्या तोंडांवर तो फासला आणि लाल रंगाने हसू काढलं. फाटकाची दारंही सताड उघडून ठेवली. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ऑफिसातून आलो तेव्हा सगळं झालं होतं. मी अध्यक्षांना नको ते बोललो. ते म्हणाले, "अरे, झकास दिसतंय! तू कशाला तापतोस?" इतकी वर्षं झाली, मी अजून तापलेलाच आहे.

तेवढ्यात बापू आले. आता आकाशपाताळ एक होणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर व्हावं असंच वाटत होतं. बापू देखाव्यापुढे वाकले आणि एकेक तोंड बघत गेले. मग सरळ कोपऱ्यातल्या पेडेस्टल पंख्याकडे गेले, तो देखाव्यासमोर ओढत आणला आणि जोरात लावला. "सुकांदेत आता," असं हळूच म्हणाले आणि निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना पंखा लावताना पाहिलं.

लोकांना देखावा फार आवडला. बापू विसर्जनालाही आले नाहीत. दिवाळीआधीच ते गावी गेले. ट्यूबा आणि ब्रश आमच्या टेबलावर तसेच ठेवून गेले. पुढे दोन वर्षांनी बहिणीला तार आली.

देखावा मोडला तेव्हा फाटकाकडे तोंड केलेला तो कामगार मी उचलून आणला. त्याच्या तोंडापर्यंत त्या गाढवांचा ब्रश पोचला नव्हता. तो माझ्या टेबलावर असतो. कधी कधी मी त्याला खिडकीशी नेतो आणि गालावरचा उजेड कुठे संपतो, सावली कुठे सुरू होते, ते शोधत बसतो. अजून सापडलेलं नाही. त्या वेळी घरात कुणी पंखा लावला, तर मी अंगावर जातो.