टीव्हीवर दादाची उलटलेली बोट

मंडळी, आजचंच घडलेलं लिहिते.

दुपारी बोईसरला घरी टीव्ही लावला. वादळाची बातमी चालू होती. वार्ताहर ओरडत होता, "ही आत्ताची दृश्यं!" आणि पडद्यावर उलटलेली बोट, माझ्या दादाची! नाव स्पष्ट वाचता येत होतं. दादा पहाटेच एडवणहून समुद्रात गेलेला, फोन लागेना. तिकडे गावी आईनेही तेच पाहिलं आणि फोनवर हंबरडा फोडला.

मग माझं लक्ष रंगाकडे गेलं. टीव्हीवरची बोट निळी होती. यंदा नारळी पौर्णिमेआधी दादाने ती हिरवी रंगवलीय! म्हणजे हे गेल्या वर्षीच्या वादळात ती उलटली होती, तेव्हाचं चित्रण. खोटारडे मेले! आईचा जीव गेला असता ना!

संध्याकाळी दादा सुखरूप आला. पण उद्या पुन्हा जायचं म्हणून आत्ताच बोटीत बर्फ भरतोय. टीव्हीवर उद्याही वादळ सांगतायत, बंदरावर धोक्याचा बावटा लागलाय, मी फोनवर रडून सांगतेय, तर हा हसतो.

"टीव्हीवाले बोट गेल्या सालची दाखवतात, मग वारा पन गेल्या सालचाच असल. तू नको घाबरू."

दुपारी त्यांना खोटारडे म्हणणारी मीच. आता कोणत्या तोंडाने सांगू त्याला, की या वेळी त्यांचं ऐक?