थंड खोलीत कोंडलो तवा

गड्यांनो, आज दुपारी मी लॅबच्या थंड खोलीत कोंडला गेलतो. इथं बंगळुरूत मी लॅबच्या बाटल्या धुतो. ट्रे ठेवायला आत गेलो अन् दाराचं हँडलच हातात आलं, दार बाहेरूनबी उघडंना.

आमच्या मॅडम पुण्याच्या, थंडीतल्या जंतूंवर संशोधन करत्यात. काचेबाहेरून ओरडल्या, "घाबरू नकोस, मिस्त्री येतोय. हातपाय हलवत राहा!"

मी म्हणलं, "मॅडम, एवढ्या गारठ्यात तुमचे जंतू कसे काम करत्यात?"

"त्यांच्या अंगावर चरबीचा पापुद्रा असतो. काही एन्झाइम त्यातच बसून काम करतात. थंडीत चरबी तुपासारखी थिजली की तेही अडकतात. मग जंतू तेलासारखी पातळ चरबी बनवतो, काम पुन्हा सुरू."

"अन् परत उबेला नेलं तर?"

"मग तीच चरबी फार सैल पडते. पुन्हा बदलावी लागते."

अर्ध्या तासानं सुटलो, पण डोक्यात तेच. नोकरी सोडून कायमचं गावाकडं, आष्टीला जायचं मनात हाय. इथं चार वर्षांत जीव रमला न्हाई. पण दिवाळीला गेलतो, तर शेळ्या हाकताना दोन दिवसांत दमलो. आबा हसून म्हणले, "पाव्हणा झालास की रं!"

तुमच्यातलं कुणी कायमचं परत गेलंय का? जमलं का पुन्हा? खरं सांगा.