‘काहीपण’ नावाचं वायफाय

आधीच कबूल करते, इथले असले गूढ अनुभव मी चहाबरोबर खारी खावी तसे वाचते. एक संपला की दुसरा, आणि शेवटी ताटलीतला चुरा झटकून उठायचं. मी वायनरीच्या लॅबमध्ये काम करते. द्राक्षाच्या रसाची गोडी किती, आंबटपणा किती, हे मोजणं माझं पोट भरण्याचं साधन. जे मोजता येत नाही त्याच्या नादी मी सहसा लागत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... यात पांढरी साडी नाही, पिंपळ नाही, कुणी मेलेलंही नाही. यात आहे एक वायफाय.

आमचं घर नाशिकला, इंदिरानगरमध्ये, तळमजल्यावर. घरात आई आणि अप्पा. अप्पा मूळचे नामपूरचे. नाशिकला येऊन त्यांनी खतं-औषधांचं दुकान चालवलं, अर्धा जन्म बागायतदारांशी हुज्जत घालण्यात गेला. घरात शुद्ध मराठी, पण नामपूरहून कुणी आलं की अहिराणी सुरू. आई पंचवटीची, तिला अहिराणी कधी जमली नाही. मी मात्र मे महिन्याच्या सुट्ट्या नामपूरला काढलेल्या, मला सगळं कळतं.

आता वायफायचं नाव. काही वर्षांपूर्वी घरी कनेक्शन घेतलं तेव्हा अप्पा पेपर वाचत होते. जोडणाऱ्याने विचारलं, “काका, वायफायला नाव काय ठेवू?”

“ठेव काहीपण,” अप्पा पेपरातूनच म्हणाले.

“आणि पासवर्ड?”

अप्पांना वाटलं, हा परत तेच विचारतोय. “अरे तोच ठेव ना, तोच!”

त्या भल्या माणसाने जसं ऐकलं तसं टाकलं. नाव ‘काहीपण’. पासवर्ड ‘तोचतोच’. इंग्रजीत लिहिलं की बरोबर आठ अक्षरं भरतात, म्हणून मशीननेही तक्रार केली नाही. पुढे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा वैतागायचा. नाव काय? काहीपण. बरं, पासवर्ड? तोच तोच. माझ्या आतेभावाला तर वाटलं आम्ही त्याला वायफाय द्यायचं टाळतोय. दोन दिवस तो फुगून बसला होता.

ही गंमत इतकी लांबवून सांगण्याचं कारण एवढंच, की असं नाव आणि असा पासवर्ड एकत्र असलेलं दुसरं घर जगात असणं कठीण. हे डोक्यात ठेवा.

मला न्यूझीलंडच्या एका वायनरीत काम मिळालं, व्हिसा आला, आणि त्याच सुमारास अप्पांना स्ट्रोक झाला. हातपाय लवकर सावरले. बोलणं गेलं. म्हणजे पूर्ण गेलं नाही, एक शब्द उरला — “शे”. अहिराणीत शे म्हणजे आहे. अप्पा, चहा? “शे.” अप्पा, दुखतंय का? “शे.” रागावले तरी शे, रडले तरी शे. ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्याला बोलू दिलं नाही, तो एका अक्षरावर आला होता. मला ते बघवायचं नाही.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलं, “लहानपणची भाषा आधी येतेय, येऊ द्या. रोज बोला. पण त्यांना समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे, ओठ दिसले पाहिजेत. हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका.” आता घरात अहिराणी येणारी मी एकटी. शिवाय आईचा स्वभाव असा, की अप्पांनी तोंड उघडायच्या आत ती त्यांचं वाक्य पुरं करून टाकते. मी जायचं रद्द करायला निघाले होते. आईनेच ढकललं. “व्हिडिओ कॉल कर रोज. टॅबमध्ये तू मोठी दिसतेस तरी,” ती म्हणाली.

मी गेले. दक्षिणेकडच्या बेटावर, द्राक्षांच्या मळ्यांमध्ये एक छोटं भाड्याचं घर. चहूबाजूंनी वेली, पलीकडे मेंढ्या, आणि शेजार म्हणावा असं काही नाही. मोबाईलची रेंज एक दांडी, तीही वाऱ्यावर. आणि ब्रॉडबँड? आपल्याकडे कसं, गल्लीतल्या केबलवाल्याला फोन केला की तो संध्याकाळी वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून हजर. तिथे कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली, रस्त्यापासून तुमच्या घरापर्यंत केबलच नाही. खणावं लागेल. खणायला घरमालकाची संमती लागेल. संमती आली की मग आमच्या माणसाची वेळ मिळेल. घरमालक कुठे? तर मासे पकडायला गेलेला, फोन बंद.

मग माझी वरात वायनरीच्या पार्किंगमध्ये. काम सुटलं की गाडीत बसून ऑफिसच्या वायफायवर कॉल लावायचा. माझी दुपार टळलेली असायची तेव्हा नाशिकला सकाळ असायची, अप्पा अंघोळ करून खुर्चीत बसलेले. पण तिथलं वायफाय गाडीपर्यंत पोचता पोचता दमायचं. मी “अप्पा, म्हना... भाकर” असं म्हणायची आणि “भा” वर माझं तोंड उघडंच्या उघडं थिजायचं. एकदा तसंच थिजलेलं तोंड बघून अप्पा घाबरले. त्यांना वाटलं मलाही झालं. ते रडायला लागले, आणि त्यानंतर टॅब समोर धरला की मान फिरवायला लागले. साधा फोन लावला तर कानाला लावून लगेच आईच्या हातात परत. मॅडमनी आईला स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर शब्द यायचे राहतील. मी त्या रात्री झोपले नाही.

पुढचा शनिवार. ऑफिस बंद, म्हणजे पार्किंगचं वायफायही बंद. मी स्वयंपाकघरात राहिलेली खोकी उघडत होते. एका खोक्यात माझा जुना, भारतातला फोन होता, ओटीपीपुरता ठेवलेला. कार्डाला तिथे रेंज नाही, इंटरनेटचा प्रश्नच नाही. तो चार्जिंगला लावून खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि भांडी लावायला लागले.

तेवढ्यात — टिंग. टिंग टिंग टिंग.

फॅमिली ग्रुपवरची सुप्रभातची फुलं एकामागून एक उतरत होती. झेंडू, कमळ, सुविचार, परत झेंडू. मी ओल्या हातानेच फोन उचलला. वर वायफायची खूण, सगळ्या रेघा भरलेल्या. उघडून बघितलं. जोडलं गेलेलं नेटवर्क: काहीपण.

पहिला विचार अगदी बावळट आला, की चला, घरी पोचलो! मग खिडकीबाहेर बघितलं. हे आपलं घर नाही... मी त्याकडे बघतेय तोवर स्क्रीनवर आईचा व्हिडिओ कॉल. सवयीने तिने जुन्याच नंबरावर लावला होता.

मी उचलला. असा स्वच्छ कॉल मी आजवर पाहिला नाही. आईच्या चष्म्यावरचा डागसुद्धा दिसत होता. “अगं, किती छान दिसतेयस! बघा हो, बघा तर खरं,” म्हणत तिने टॅब अप्पांसमोर धरला. अप्पांनी मान फिरवली होती. मग हळूच डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. मी हलत होते. थिजत नव्हते. ते सरळ झाले.

“अप्पा, मी आठे शे. दखा, मना घरमा शे,” मी म्हटलं. मी इथे आहे, माझ्या घरात.

“शे,” अप्पा म्हणाले.

मग मी फोन खिडकीबाहेर वळवला. तिथे थंडीचे दिवस, नुकतीच छाटणी झालेली. उघड्याबोडक्या वेली, आपल्याकडच्यासारख्या भरगच्च नाहीत, प्रत्येकीवर दोनच काड्या ठेवून तारेला वाकवून बांधलेल्या. अप्पा पुढे वाकले. टॅबला नाक लागेल इतके. त्यांचे ओठ हलायला लागले, आई काही बोलणार तोच मी ओरडले, “आई, तू गप! त्यांना बोलू दे!”

“छा... छाटनी,” अप्पा म्हणाले. आणि मग कपाळाला आठ्या घालून, स्पष्ट, “छाटनी चुकनी!”

छाटणी चुकली. स्ट्रोकनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य, आणि तेही एका अख्ख्या देशाला नापास करणारं. मी खिडकीत उभी राहून रडले आणि हसलेसुद्धा. आई पलीकडे, “काय म्हणाले? काय चुकलं? मी काय केलं?”

कॉल संपल्यावर मात्र माझ्यातली लॅबवाली जागी झाली. नव्या फोनवर शोधलं तर तिथेही ‘काहीपण’ दिसत होतं. पासवर्ड टाकला — तोचतोच. जोडलं गेलं. मी फोन हातात धरून घरभर फिरले. खिडकीपाशी भरपूर, अंगणात कमी, रस्त्यावर गायब. सामानात चुकून राऊटर आलाय का म्हणून सगळी खोकी उपसली. राऊटर तर इंदिरानगरच्या फ्रिजवर, मागच्याच आठवड्यात कॉलमध्ये दिसला होता. जवळपास कुणी नाशिककर राहतो का, चौकशी केली. नाही. आणि समजा असला, तर वायफायचं नाव विचारलं तेव्हा तोही पेपर वाचत होता म्हणायचं?

कारण सापडलं नाही म्हणून मी ते वापरायचं सोडलं का? छे. रोज काम सुटलं की खिडकीत. भाकर आलं, पानी आलं, माझं नाव आलं. भीती म्हणाल तर वाटली नाही. वाटत होती ती एकच, की उद्या हे नसेल.

शेवटी घरमालकाला मासे मिळाले असावेत. तो परतला, संमती दिली, खणलं गेलं आणि कंपनीचा माणूस आला. भिंतीवर डबा ठोकताना त्याने आपल्या फोनवर आजूबाजूची नेटवर्क्स बघितली. “हे कुणाचं? शेजाऱ्यांचं?” त्याने विचारलं. मी म्हटलं, शेजारी मेंढ्या आहेत. या नावाचा अर्थ काय होतो, त्याने विचारलं. मी सांगितला. तो माझ्याकडे जरा दया आल्यासारखा बघायला लागला. त्याने नवं कनेक्शन चालू केलं, डब्यावर हिरवा दिवा लागला, आणि आम्हा दोघांच्या देखत ‘काहीपण’ यादीतून गेलं. परत कधी दिसलं नाही.

यावर कडी आईने केली. काही आठवड्यांनी बोलता बोलता म्हणाली, “मधे आपलं वायफायच बंद होतं गं. लाल दिवा. तू खिडकीतून बोलायचीस ना, ते सगळे दिवस. मी मोबाईलच्या नेटवरून लावायची. मग एक दिवस आपोआप चालू झालं.”

कधी चालू झालं, ते मी खोदून खोदून विचारलं. तिच्याकडे साड्यांना फॉल लावणाऱ्या बाई आल्या होत्या, तो दिवस. म्हणजे माझ्याकडे हिरवा दिवा लागला तोच. आता काय म्हणायचं? आमचं वायफाय परदेशवारी करून आलं?

नेटवर्क क्षेत्रातल्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, फोनला नाव-पासवर्ड आठवत असतं हे खरं, पण पलीकडे कुणीतरी असावं लागतं ना. ते कुणीतरी कोण, इथे तिचंही घोडं अडलं. या सुट्टीत घरी आल्यावर अप्पांनाही सगळं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पासवर्ड बदली टाक.” तेवढाच तोडगा आजवर मिळालाय. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय. कारण ते दिवस कोरडे गेले असते तर काय झालं असतं, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं, आणि आभार कुणाचे मानायचे तेच मला ठाऊक नाही.

हे लिहितेय तेव्हा अप्पा फाटकाशी आहेत. मखमलाबादकडून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींशी मेथीवरून जुंपली आहे. “ही काय जुडी शे? येले जुडी म्हनतस?” मावशी हार जाणाऱ्यातल्या नाहीत, “बाबा, लय बोलता तुम्ही! नाय परवडत तर ऱ्हाऊ द्या!” त्यावर अप्पांचं खत, पाणी, मळा, तुमचा मळेवाला, सगळं सुरू.

आतून आई ओरडली, “अहो, पुरे! जरा गप्प बसा ना आता!”

फाटकाशी अप्पांचं चालूच होतं, आतलं आईचं मात्र मधेच तुटलं. मी वळून बघितलं. आपण कुणाला गप्प बसा म्हणालो हे आत्ता उमगल्यासारखी ती हातात उलथनं धरून तशीच उभी होती, आणि कढईतलं थालीपीठ करपत होतं.