अकिकावर कोरलेलं जहाज

रेवसच्या धक्क्याला आगबोट लागली आणि काका माझ्याआधी उतरले; काठी बोटीतच विसरून. रेवदंड्याच्या एका कोळणीकडे कोरीव अकीक, म्हणजे लालसर खडा, असल्याचं त्यांना कळलं होतं. शेजारच्या चौलच्या बंदरात प्राचीन काळी रोमन मालाची ये-जा असे. रोमन लोक असे खडे अंगठीत बसवत आणि मेणावर दाबत. तीच त्यांची सही.

"घरात बायकाच असतील. बोलायचं तू," काका म्हणाले. मी पदर सावरला आणि पहिलं वाक्य मनात घोकू लागले.

अलिबागेवरून टांगा रेवदंड्याला पोचला तेव्हा कोळीवाड्यात वाकट्या मासळी वाळत होती. खडा त्या कोळणीच्या, हिराच्या, तान्ह्या मुलाच्या गळ्यात होता, काळ्या दोऱ्यात. नखाएवढा; उन्हात निखाऱ्यासारखा पेटलेला.

"विकणार का?" काकांनीच विचारून टाकलं.

हिराने मूल आवळून धरलं. "न्हाय वो. दादला (नवरा) दर्यान हाय. कालच यायला पायजे व्हता. होरी (होडी) घरा आल्याबिगर घरातलं काय भायेर देत न्हाय."

काकांनी मला कोपर मारलं. तांदळाचं पीठ मळणारी तिची सासू हसली, "या बायला त्वांड हाय का निस्तं डोलंच?"

"मला फक्त ठसा बघायचाय," मी कसंबसं म्हटलं. "तुमच्या पिठावर. दोरा सोडू नका."

पहिला ठसा बाळाने मुठीत चुरडला. दुसरा उमटला आणि मी ओरडलेच, "काका, वल्ही! शिडाचे दोरसुद्धा!"

हिरा खडा आणि पीठ आळीपाळीने पाहत राहिली. तिच्या दारातून होड्या डावीकडे समुद्रात जातात, उजवीकडे वळून घरी येतात. खड्यावरच्या जहाजाचं तोंड डावीकडे होतं; ठशात उजवीकडे.

"हितं परत आयली!" ती ठशावर बोट ठेवून म्हणाली. काकांनी ठसा न्यायला रुमाल पसरण्याआधीच तिने ते पीठ उचलून देवापुढे ठेवलं.

आम्ही रिकाम्या हातांनी निघालो. टांगा खाडीच्या कडेला आला तोच एक शीड आत वळलं. मी टांगेवाल्याला थांबवलं. मूल काखेत मारून हिरा गुडघाभर पाण्यात धावत होती, आणि होडीतून कुणीतरी डोक्यावरचा रुमाल काढून हलवत होता.

काका ताडकन उठले. "होडी आली! आता विचारता येईल."

"नको, काका."

ते धपकन खाली बसले. परतीच्या आगबोटीत ते माझ्याकडे पाठ करून बसले. मी मात्र कठड्याशी उभी राहून मनात पुन्हापुन्हा तो ठसा उमटवत होते. दोन हजार वर्षांपूर्वी हे जहाज अंगठीत घालून चौलला आलेल्याच्या घरीही कुणीतरी असंच वाट पाहत असेल का?