नानांची मुलाखत

आमच्या कँटीनमधले नाना कुठल्याही भेटीला मुलाखत म्हणायचे. "बाई, कांदेवाला मुलाखतीला आलाय," असं ते दारातून ओरडले की जेवायला बसलेली पोरं खिदळायची. "नाना, पगार किती मागतोय तो?" नानाही हसायचे. तुरुंगात कैद्याला भेटायला जाण्याला मुलाखत म्हणतात, हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं.

मला होतं. चाकणच्या या कंपनीत कँटीनचा ठेका माझा. काम मागायला आले तेव्हाच नाना म्हणाले होते, "बांधाच्या भांडणात माझ्या हातनं मानूस मेला. शिक्षा भोगून आलोय. आदी सांगतो, मग ठेवायचं का न्हाई ते तुमी बघा." मला वेळेवर येणारा माणूस हवा होता. ठेवलं.

घरच्यांबद्दल ते एकदाच बोलले, कांदा चिरताना. शिक्षा लागली तेव्हा मुलगा तान्हा होता. बायको त्याला घेऊन मुलाखतीला आली, तर जाळी बघून पोरगं किंचाळायला लागलं. "मीच म्हनलं, याला परत आनू नगंस. बायकोनं माझं तेवढं एकच ऐकलं बगा." सुटल्यावर मायलेक पुनावळ्याला राहतात असं कळलं, पण नाना तिकडे फिरकले नाहीत. "बोलावल्याबिगर कसं जायाचं?"

मग कंपनीत ट्रेनी भरायचे निघाले. रांगेतल्या पोरांना चहा द्यायला नाना गेले. तेवढ्यात हजेरीसाठी एकाचं पूर्ण नाव पुकारलं गेलं. मधलं नाव नानांचं, आडनावही त्यांचंच.

नाना रिकामा ट्रे घेऊन परत आले. "पोरगा आलाय माझा."

"मग जा, बोला की!"

"आज त्याची मुलाखत हाय, बाई. माझी न्हाई." कप विसळता विसळता म्हणाले, "चहात साखर मागितली अजून. आईवर गेलाय."

मुलाची निवड झाली. तो कामावर रुजू व्हायच्या आधीच नानांनी काम सोडलं. मी चिडले. "पोटचा पोरगा रोज ताट घेऊन समोर येईल, आणि तुम्ही पळताय?"

"खुन्याचं पोर म्हनून त्याच्याकडं कुनी बोट दावाय नको. मी जित्ता हाय तवर सांगू नका त्याला, शब्द द्या."

राजगुरुनगरला एका गोदामावर ते राखणीला लागले. यंदाच्या उन्हाळ्यात तिथेच वारले. आता शब्द पाळण्यात काही अर्थ उरला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी मुलाला बाजूला बसवून सगळं सांगितलं.

त्यानं समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आई म्हणायची, त्यांनीच येऊ नका म्हणून सांगितलंय, ते ये म्हणतील तेव्हा जाऊ. दहावी झाली तेव्हा वाटलं, आता म्हणतील. इथं नोकरी लागली, तेव्हाही वाटलं."